किंवा समतुल्य

हिंगोलीच्या कचेरीला चाळीस संगणक घ्यायचे होते,
मार्च संपायला एकोणीस दिवस,
आणि निधी परत जाईल ही भीती
घुगे भाऊसाहेबांच्या पानाच्या डब्यासारखी रोज टेबलावर.
मसुदा मी टाइप केला.
प्रोसेसर : इंटेल. मागच्या निविदेवरून जसाच्या तसा.
वरून पेन्सिलीची खूण होऊन परत आला,
एकाच कंपनीचं नाव चालत नाही,
पुढे लिहा, किंवा समतुल्य.
लिहिलं. ओळीत जागा होती.

त्या दोन शब्दांतून आत शिरला
नांदेडचा मोईज फारुखी,
एएमडीचे चाळीस डबे घेऊन, दर डब्यामागे साडेतीन हजार कमी.
दार लावून घ्यायला धावले तोष्णीवाल,
ज्यांच्या वडिलांनी या कचेरीला
टाइपरायटरच्या फिती पुरवल्या होत्या.

लिफाफे फुटले त्या दिवशी बेचाळीस डिग्री.
कूलरमध्ये कुणी पाणी टाकलं नव्हतं,
तो नुसतीच धूळ समितीकडे पाठवत होता.
तोष्णीवाल म्हणाले, सायेब, इंटेल म्हणजे इंटेल,
लोकांच्या जमिनीचे उतारे हायेत, खेळ नाही.
मोईज म्हणाला, आमच्यात आठ गाभे, त्यांच्यात सहा. मोजून घ्या.
ते गरम होतंय लै.
हिंगोलीत गरम काय होत नाही, चाचा?
सगळे हसले, अध्यक्षसुद्धा,
मग त्यांना आठवलं की ते अध्यक्ष आहेत.

नंतर पिढीवरून जुंपली. बारावी का तेरावी,
आणि यांची पाचवी त्यांच्या कितवीच्या बरोबर.
कपबशा ठेवता ठेवता किसनराव शिपाई बोलून गेला,
आमची तर पहिलीच पिढी हापिसात आली, सायेब,
ती बी ट्रे धरून.
इतिवृत्तात हे नाही.
इतिवृत्त मीच लिहीत होते.

समतुल्य म्हणजे नेमकं काय,
यावर तेवीस पानांची फाइल झाली.
आयुक्तालयाला विचारलं.
उत्तर आलं, नियमानुसार कार्यवाही करावी.

शेवटी दोन्ही यंत्रं शेजारी मांडली
आणि दोन्हीवर सेनगावचा एकच सातबारा उघडायला लावला.
घुगे भाऊसाहेब मनगटावरचं घड्याळ धरून.
तोष्णीवालांचे ओठ हलत होते, बहुतेक देवाचं नाव.
दोन्ही पडद्यांवर तेच पांढरं वर्तुळ
फिरत राहिलं, फिरत राहिलं,
सर्व्हर कुठल्या गावाला असतो कुणास ठाऊक.
चार मिनिटं दहा सेकंद. इकडेही, तिकडेही.
खिडकीबाहेर दाखल्यासाठी आलेली एक पोरगी
ओढणीने वारा घेत हे सगळं बघत होती.
तिने विचारलं, मॅडम, झालं का?

मोईज जिंकला. तीस मार्चच्या रात्री साडेदहाला, दरावर.
तोष्णीवाल दुसऱ्या दिवशी आलेच,
एक्स्टेन्शन बोर्डाचं कोटेशन घेऊन.
डबे दोघांनी मिळून उतरवले,
टेम्पोवाला एकटाच होता.

एप्रिलात माझाही आदेश निघाला,
अकरा महिन्यांचा, नेहमीसारखा, एक दिवसाचा खंड देऊन.
शैक्षणिक अर्हता, पदवी किंवा समतुल्य.
पलीकडच्या टेबलावर देवकत्ते. कायम आहेत.
तोच डबा, त्याच नोंदी, तीच खिडकी,
संध्याकाळी माझ्या तेवढ्याच, कधी दोन जास्त.
पगार माझ्या तिप्पट.
देवकत्ते चांगले आहेत, डब्यातली शेंगदाण्याची चटणी देतात.
ती तेवीस पानं माझ्याच कपाटात आहेत, सायेब.
मागवा कधीतरी.

दुपारी वीज गेली, यूपीएस कोकलायला लागला.
मी वाकून नव्या डब्याला हात लावून पाहिला.
गरम होतं.
तोष्णीवाल खोटं बोलत नव्हते.
मग भिंतीला हात लावला.
मोईजही नाही.